सोलं, आगळ आणि खोकी: प्रकल्प नोंदी, 2025

3 मार्च
वही सुरू. कुडाळमध्ये माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेली सात वर्षं दुसऱ्यांचे उद्यम, पॅन, सातबारा, पीकविमा भरून देतो. आता स्वतःचा एक धंदा करून बघायचा. माल कोकमाचा. आमच्या परड्यात चार झाडं, काकीकडे सहा, वाडीत आणखी पंधरा-वीस. दर मे महिन्यात बायका सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, करतात आणि जूनमध्ये व्यापारी टेम्पो घेऊन येतो, तो म्हणेल तो भाव. गेल्या वर्षी किलोला 180 दिले. तीच सोलं पुण्यातल्या दुकानात पाव किलोच्या पाकिटात 140 ला बघितली, तेव्हापासून डोकं फिरलंय.

भांडवल 25,000. कर्ज नाही. हे संपलं की थांबायचं, असं बायकोसमोर कबूल केलंय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "सोलां काय मोबाईलार इकूची असतत?"

6 मार्च
घरात आणि काकीकडे मिळून गेल्या मोसमाची 11 किलो सोलं शिल्लक. चव चांगली, रंग थोडा काळपट. नव्या मालाआधी यावरच हात साफ करायचा.

11 मार्च
अन्न नोंदणी. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. वर्षाला 100 रुपये. दोन वर्षांचे 200 भरले. लोकांचे असे फॉर्म पन्नासेक तरी भरले असतील, पण स्वतःचा भरताना पत्त्याच्या रकान्यात अडलो. नोंदणी जागेला मिळते, माणसाला नाही. काकी तिच्या पडवीत सोलं करणार, शेजारची वैनी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणि मी आमच्या घरात पाकिटं भरणार, असं चालायचं नाही. प्रत्येक घराची वेगळी नोंदणी, नाहीतर सगळ्यांनी एकाच जागी काम करायचं. आमचं खळं मोठं आहे. यंदा सगळं तिथेच.

19 मार्च
चौदा आकडी नोंदणी क्रमांक आला. आज दिवसभर लेबल.

लेबलावर काय काय लागतं याची यादी केली तर पाकिटापेक्षा मोठी झाली. मालाचं नाव, घटक (कोकमाची साल, मीठ), निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅक केल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, आपलं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, अन्न नोंदणीचा क्रमांक. शिवाय दर ग्रॅमची किंमतही छापायची. 250 ग्रॅमला 150 म्हणजे 0.60 रुपये प्रति ग्रॅम. हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. पॅक करणारा म्हणून वजनमापे खात्याकडे वेगळी नोंद, तिचे 500. आणि काटा शिक्क्याचा हवा, स्वयंपाकघरातला चालत नाही. शिक्क्यासकट काटा 3,800 ला पडला. अजून एक ग्रॅम विकलेलं नाही.

'भौगोलिक मानांकन' असं ठसठशीत छापायचा मोह झाला होता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते 2016 मध्ये मिळालंय. पण ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. आपण कुडाळचे, झाडं दारातली, तरी आपोआप हक्क येत नाही. गाळलं.

30 मार्च, पाडवा
गुढी उभारून दुकान उघडलं. दुकान म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर आणि इन्स्टाग्रामवर एक पान. वेबसाइट करायची खाज होती. डोमेनसुद्धा बघून ठेवलं होतं, पण एक वस्तू विकायला वेबसाइट कशाला? पेमेंट गेटवे लावला तर दोनेक टक्के आणि त्यावर जीएसटी जाणार. क्यूआरवर काही कापत नाहीत.

नावाचा गोंधळ मात्र झालाच. आम्ही म्हणतो सोलं. मुंबईकर म्हणतात कोकम. घाटावर आमसूल. पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, "आमसुलं आहेत का, की फक्त कोकमच?" तिन्ही नावं लिहून टाकली.

8 एप्रिल
नऊ दिवसांत 7 ऑर्डरी, त्यातल्या 5 ओळखीच्या.

पहिलं कुरियर बिल बघून घाम फुटला. पार्सल भरून 650 ग्रॅम, बिल 2 किलोचं. फोन केला तर समजलं की ते खोक्याचं माप घेतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. माझं खोकं 28 गुणिले 20 गुणिले 15. म्हणजे 1.68. टप्पा अर्ध्या किलोचा, म्हणून 2 किलो. मी कुडाळ ते ठाणे हवा पाठवत होतो आणि तिचे पैसे भरत होतो.

10 एप्रिल
लहान खोकं आणलं, 20 गुणिले 15 गुणिले 8. मापाने 0.48, वाटलं जिंकलो. पण दोन पाकिटांची सोलं 500 ग्रॅम, खोकं-कागद 80 ग्रॅम. 580 झाले की बिल एक किलोचं.

रात्री आईने सोलकढीसाठी सोलं भिजत घातली तेव्हा सुचलं: पाकीटच 200 ग्रॅमचं केलं तर? दोन पाकिटं 400, खोक्याऐवजी जाड कुरियर पिशवी, सगळं मिळून 470 ते 490. अर्ध्या किलोत बसतं. पाठवणी 78 वरून 52 वर.

छापलेली 500 लेबलं वाया. 1,100 रुपये. किंमत 120 केली, दर ग्रॅमची किंमत तीच राहिली.

जुना हिशोब (250 ची दोन): माल 130, पाकिटं 12, लेबल 3, खोकं-टेप 19, कुरियर 78. एकूण 242, हातात 58.
नवा (200 ची दोन): माल 104, पाकिटं 12, लेबल 3, पिशवी 6, कुरियर 52. एकूण 177, हातात 63.

माल कमी विकून जास्त उरतात. सोलं मी बायकांकडून 260 ने घ्यायची ठरवलीत, ती यात धरली आहेत. माझी मजुरी नाही.

17 एप्रिल
जाहिरातीवर 1,500 घातले. काकी रातांबे (कोकमाची फळं) फोडतानाचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ होता, तोच लावला. 19 ऑर्डरी आल्या, जवळजवळ सगळ्या 'पैसे माल मिळाल्यावर'. त्यातल्या 6 परत. दोघांचे फोन लागेनात, एकाला 'आठवत नाही', एका घरी नवऱ्याने 'आम्ही काय मागवलं नाही' म्हणून पाठवून दिलं, उरलेले दोन 'पत्ता अपुरा'. जाताना 52, येताना 52, पिशवी-टेप वेगळं. एक पार्सल परत आलं की दोन चांगल्या ऑर्डरींचं पाणी.

ते बंद. आधी पैसे, मग माल. ऑर्डरी निम्म्या होतील. होऊ देत.

26 एप्रिल
गोव्यातल्या म्हापशाहून मेसेज: पाच पाकिटं हवीत. आनंदाने क्यूआर पाठवणार तेवढ्यात आठवलं आणि कर सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकायचा तर 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर एक पाकीट पाठवलं तरी लागते.

म्हणजे गडचिरोलीला बिनदिक्कत पाठवू शकतो. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, जिथे आमच्या वाडीतली निम्मी पोरं रोज बाईकने कामाला जातात, तिथे नाही. आमच्या तीन आत्या गोव्यात दिलेल्या. त्यांना आई बसच्या कंडक्टरकडे सोलं देते, तो धंदा नव्हे म्हणून चालतं.

म्हापशाच्या गृहस्थांना नाही म्हटलं. वहीच्या मागच्या पानावर 'राज्याबाहेरचे' अशी यादी सुरू केली.

2 मे
रातांबे लाल व्हायला लागले. खळ्यात बैठक: आई, काकी, वैनी आणि वाडीतल्या आणखी दोघी. मी म्हटलं, किलोला 260. वाटलं, खूश होतील. काकी म्हणाली, "व्यापारी दारात येता, रोख मोजता. तू कदी देतलस?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या डोक्यात 'विकेल तसे' होतं. व्यापारी 80 ने कमी देतो, पण पावसाच्या तोंडावर, शाळेच्या वह्या-छत्र्यांच्या वेळेला रोख देतो. त्या 80 रुपयांत काय काय येतं ते तेव्हा कळलं. शेवटी ठरलं: निम्मे पैसे सोलं वजन करून घेताना, निम्मे गणपतीआधी.

लक्ष्य 120 किलो. आमच्या अनुभवाने 40 किलो रातांब्यांची साडेचार किलोच्या आसपास सोलं होतात, म्हणजे हजार किलोहून जास्त फळ. झाडं पुरतील, ऊन पुरलं पाहिजे.

14 मे
काम जोरात. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा, साल खारवलेल्या रसात बुडवून उन्हात. संध्याकाळी परत रस, सकाळी परत ऊन. अशी चार पुटं. घाई करणाऱ्याची सोलं दोन पुटांची, ती पांढरट पडतात. आम्ही चार देतो, आणि हे पुण्याच्या ताईंना फोटोंतून पटवता आलं, एवढा एक ऑनलाइनचा फायदा मान्य.

बिया वेगळ्या वाळवून गोणीत.

20 मे
सकाळपासून ढग. दुपारी तीनला पहिली सर. वळवाचा असेल म्हणून ताडपत्री घातली.

22 मे
वळीव नाही हा. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणतात. तीन दिवस ऊन नाही. ताडपत्रीखाली वाफ धरते, वरून ओलं, खालून घाम. काकी रात्री दीडला बॅटरी घेऊन आली, "पावस इलो, सोलां काडा!" सगळी पडवीत, मग माजघरात, मग माळ्यावर. घरभर आंबट वास. मुलगी म्हणते तिची वहीसुद्धा आंबट लागते. तिने चाटून बघितली म्हणे.

25 मे
हवामान खात्याने जाहीर केलं, मान्सून देवगडपर्यंत आला. रोहिणी नक्षत्राचा पहिला दिवस आज. आमच्याकडे पाऊस मोजतात मृगापासून, 7-8 जूनपासून. सगळं वेळापत्रक त्यावर. दोन आठवडे गेले, आणि ते दोन आठवडे नेमके सोलांचे.

29 मे
हिशोब. चार पुटं पूर्ण, कडक वाळलेली: 46 किलो. अर्धवट वाळलेल्यांपैकी काहींवर पांढरी बुरशी, ती सरळ खड्ड्यात. काही चुलीच्या धगीवर वाळवली, 12 किलो झाली, पण धुराचा वास बसला. ती माझ्या पाकिटात घालणार नाही. बायकांनी ती व्यापाऱ्याला दिली, त्याने 140 लावले.

टाकून दिलेल्याचे पैसे द्यायचे का यावर घरात दोन मतं. बायको म्हणाली, राबल्या त्या राबल्याच. 3,500 वाटले.

झाडावर अजून फळ आहे, रोज खाली पडतंय. मी हात टेकले होते. काकी शांतपणे म्हणाली, "सोलां जावंदेत, आगळ करूया."

20 जून
आगळ म्हणजे मीठ घालून सुटलेला कोकमाचा रस, साखर नाही. त्याला ऊन लागत नाही, मीठ लागतं आणि धीर लागतो. पिंपात साली आणि मीठ, रोज लाकडी डावाने हलवायचं. आज गाळून 90 लिटर. रंग असा की हात दोन दिवस गुलाबी.

नवं लेबल, 500 मिलिलिटर, 160 रुपये. दर मिलिलिटरला 0.32.

4 जुलै
नागपूरचं पार्सल फुटलं. खरं तर फुटलं नाही, पाझरलं. कुरियरवाल्याने फोटो पाठवला: आमची पिशवी, तिच्याशेजारी कुणाचं तरी पांढरं कापडाचं पार्सल, आणि दोन्हीवर गुलाबी नकाशा. कापडाची भरपाई मी दिली, 900. त्यांनी सांगितलं, यापुढे तुमच्याकडून द्रव पदार्थ नाही.

त्यांची चूक नाही. मी घरी जशी बाटली घट्ट फिरवतो तशी फिरवली आणि वर टेप गुंडाळला. बस्स.

6 ते 15 जुलै, बाटल्या
या दहा दिवसांत विक्री शून्य, पण धंदा म्हणून सगळ्यात जास्त शिकलो ते इथेच, म्हणून सविस्तर लिहितो.

काच आणि पत्र्याचं झाकण: काच जड. पत्रा तर आगळाला टिकतच नाही. आंबट आणि खारट दोन्ही, आठव्या दिवशी झाकणाच्या कडेला गंज. बाद.

प्लॅस्टिकची बाटली, साधं झाकण: रात्रभर उलटी, वर्तमानपत्रावर. सकाळी सहापैकी चारांखाली गुलाबी चकत्या. बाद.

तीच बाटली, झाकणात फोमची चकती: सहापैकी एकीखाली गुलाबी डाग. बरं वाटलं. मग काउंटरच्या उंचीवरून तीनदा टाकल्या. पाच पाझरल्या. गाडीत पार्सल उलटं नुसतं ठेवत नाहीत, आपटतात.

बाटलीच्या तोंडावर चिकटणारी चंदेरी चकती, जशी औषधाच्या बाटलीला असते: त्यासाठी हातात धरायचं इंडक्शन यंत्र लागतं, 4,500. दोन दिवस घेऊ की नको केलं. घेतलं. पहिल्या चार बाटल्यांची चकती करपली. तोंडाला आगळाचा थेंब राहिला तर चिकटत नाही, हे पाचवीला कळलं. म्हणून नरसाळं बदललं, भरून झाल्यावर तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं, मग चकती, मग झाकण. काठोकाठ भरायची नाही, पण वजनकाट्यावर माप पुरं हवं.

सहा बाटल्या, उलट्या, दोन रात्री. कागद कोरा. काउंटरवरून तीनदा. कोरा. मग मुलीला सांगितलं, जिन्यावरून टाक. तिने आनंदाने टाकल्या. एकीचा बूड चेपला, पण सांडलं नाही.

नागपूरचं पार्सल आणि या सगळ्यात मिळून 20 बाटल्या गेल्या. आता प्रत्येक जोडी जाड पिशवीत, मग खोक्यात, चोहोबाजूंनी चुरगळलेला कागद. दुसरं कुरियर एका अटीवर तयार झालं: आधी एक बाटली त्यांच्या माणसासमोर आपटून दाखवायची. दाखवली.

2 ऑगस्ट
आगळाच्या 31 जोड्या गेल्या, एकही तक्रार नाही. एकाने विचारलं, "यात साखर का नाही?" साखर घातलेलं अमृत कोकम वेगळं, आगळ वेगळं, हे लिहून लिहून बोटं दुखली. आता तयार उत्तर साठवून ठेवलंय, सोबत आईच्या हातची तिवळाची (कोकमाच्या साराची) कृती.

24 ऑगस्ट
बायकांचे उरलेले निम्मे दिले. वेळेत. काकीने नोटा दोनदा मोजल्या.

3 सप्टेंबर
गौरी-गणपती. 27 तारखेपासून लिहायला वेळ नव्हता. मुंबईचे चाकरमानी आले, आमच्या आरतीला आले, पाकिटं बघितली आणि घेऊन गेले. 14 किलो, किलोला 500, ना कुरियर, ना पिशवी, ना फोटो. पाच महिने मोबाईलमध्ये डोकं घालून जेवढं विकलं त्याच्या निम्मं खळ्यात सहा दिवसांत. आई काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून चहा दिला.

प्रत्येकाचा नंबर मात्र घेतला. पाकिटावर क्यूआर आहेच.

पोस्टात गेलो होतो. मास्तर म्हणाले, 1 तारखेपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. आमच्या वाडीतून कुडाळला न जाता पार्सल टाकायची तेवढी एकच सोय, म्हणून लक्ष ठेवून असतो.

23 सप्टेंबर
कालपासून जीएसटीचे नवे दर लागू. दुकानात दिवसभर लोक तेच विचारतात. मी माझी यादी काढली: 'राज्याबाहेरचे' 41 नावं. गोवा 17, बेळगाव-बंगळूर 13, बाकी इंदूर, बडोदा, हैदराबाद. नोंदणी घ्यायची ठरवली. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पुढे महिन्या-तिमाहीची विवरणं मात्र चुकवायची नाहीत. वीजबिल बाबांच्या नावावर आहे, त्यांचं संमतिपत्र लागेल. दुसऱ्यांना हेच सांगून मी 50 रुपये घेतो.

12 ऑक्टोबर
गणपतीत नंबर घेतलेल्यांपैकी 22 जणांनी परत मागवलं. जाहिरात शून्य.

19 ऑक्टोबर
मोसमाचा हिशोब.

जमा: सोलं ऑनलाइन 40 किलो (जुनी 11, नवी 29), 24,000. गणपतीतली 14 किलो, 7,000. आगळ 112 बाटल्या, 17,920. एकूण 48,920.

खर्च: सोलं 57 किलो, 14,820. वाया गेलेल्याचे 3,500. आगळाचा माल 5,400. पाकिटं-बाटल्या-लेबलं 6,900. कुरियर, परत आलेल्यांसकट, 10,400. काटा आणि इंडक्शन यंत्र 8,300. नोंदण्या 700. जाहिरात 1,500. नागपूरचं कापड 900. एकूण 52,420.

तोटा 3,500. नेमका जेवढा खड्ड्यात पुरला तेवढाच, योगायोग. काटा आणि यंत्र पुढच्या वर्षीही आहेत, आगळाच्या 48 बाटल्या शिल्लक.

सोलं तीन किलो उरली होती. कॅटलॉगवर टाकायला गेलो तर आईने डबा उचलून आत नेला. ती घरची. कॅटलॉगवर 'संपली, आता मे महिन्यात' असं लिहिलं. लगेच चौघांनी विचारलं, आगाऊ पैसे देऊन ठेवू का? अजून उत्तर दिलेलं नाही. काकीच्या निम्म्या रोख रकमेचं उत्तर कदाचित तिथे आहे, पण मे महिन्यातला पाऊस मी कुणाला विकू शकत नाही.

दुपारी बियांची गोणी काट्यावर घातली: 38 किलो. काकी म्हणते, थंडीत मुठेल (बियांचं घट्ट तेल) काढूया, भेगांना लोकं मागतात. लेबल करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला थांबलो. खायचं म्हटलं तर अन्न नोंदणी. टाचांना लावायचं म्हटलं तर ते सौंदर्यप्रसाधन, त्याचा परवाना निराळा, कायदा निराळा. उद्या दुकान उघडल्यावर आधी तो फॉर्म बघतो.